पाचव्या नंबरची टाळी

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात वीस-बावीस म्हातारी माणसं जमतात. दात कुणाचाच दुखत नसतो. काहींच्या तोंडात तर दुखायला दातच उरलेला नाही. ती येतात रेडिओ ऐकायला. रेडिओ आता ज्याच्या त्याच्या फोनमध्ये आहे, पण डॉक्टरांनी वेटिंग रूममध्ये छातीएवढ्या उंचीचे दोन स्पीकर बसवलेत, आणि शिवाय घरी एकट्याने ऐकलं तर भांडायचं कुणाशी?

साडेदहाला ‘सुरांची उतरंड’ लागते. पन्नास वर्षांपूर्वी हा कार्यक्रम दर शनिवारी संध्याकाळी सात ते आठ लागायचा. लोकांच्या पसंतीची त्या आठवड्याची सोळा गाणी, सोळाव्या नंबरापासून पहिल्या नंबरापर्यंत. तेच जुने भाग रेडिओने गेल्या वर्षापासून पुन्हा लावायला घेतलेत. निवेदक कधीच वारला, गाणारे बहुतेक गेले, मध्ये ज्या साबणाची जाहिरात लागते तो साबणसुद्धा आता मिळत नाही. तरी पहिल्या नंबरावर काय येणार म्हणून ही मंडळी अजून खुर्चीच्या टोकावर येऊन बसतात. वास्तविक काय येणार ते सगळ्यांना ठाऊक असतं. वकीलसाहेबांकडे अकरा वर्षांच्या वह्या आहेत. कुठल्या शनिवारी कुठलं गाणं कितव्या नंबराला होतं, किती आठवडे टिकलं, त्याला कुणी खाली ढकललं, सगळं निळ्या शाईत. स्वतःच्या मुलाचं लग्न कुठल्या साली झालं हे ते वहीतल्या गाण्यांवरून हिशोब लावून सांगतात.

इथला नियम एकच. कार्यक्रम चालू असताना तोंड उघडायचं नाही. अगदीच राहवलं नाही तर चिठ्ठी लिहायची आणि शेजाऱ्याच्या हाती सरकवायची. खोकला आला तर जिन्यात जायचं. एका गृहस्थांना शिंका आवरत नाहीत, तर त्यांना येत जाऊ नका असं कळवून टाकलं, आणि तेही चिठ्ठीनेच.

या मंडळींत बेबी नव्हती. ती आप्पांना आणायची आणि परत न्यायची, एवढंच. बेबी म्हणजे आप्पांची मुलगी. वय वर्षं पंचावन्न, पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसते, पण लहानपणी चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही. खिडकीवर ती उजवा कान काचेकडे करून बसते, त्यामुळे लोकांना वाटतं बाईला फार मस्ती आहे, समोर बघून बोलत नाही. दवाखान्यात ती दाराजवळच्या खुर्चीत बसायची आणि मुद्दाम डावा कान स्पीकरकडे करायची. तिच्या बहिरेपणाचा तिला झालेला हा एकमेव फायदा.

आप्पा मात्र या मंडळींचे देव होते. वीज कंपनीत मीटर तपासायचे काम त्यांनी छत्तीस वर्षं केलं, आणि आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांना जो मान मिळत होता तो मीटरमुळे नव्हे. बाकीच्यांनी ‘उतरंड’ ऐकली होती, आप्पांनी ती टेप केली होती. रेडिओवाल्यांनी स्वतःच्या फिती त्या काळी पुसून त्यांवर बातम्या भरल्या. आता पुन्हा लावायच्या म्हटल्यावर ते श्रोत्यांच्या दारात उभे राहिले, कुणाकडे काही आहे का म्हणून. एका वर्षाचा अखेरचा भाग, वर्षभरातल्या सोळा गाण्यांचा, कुणाकडेच नव्हता. तो आप्पांच्या कपाटात निघाला. रेडिओवाल्यांनी त्याची प्रत काढून घेतली आणि कॅसेट परत आणून दिली. त्या दिवसापासून वकीलसाहेब त्यांना बसायला स्वतः खुर्ची ओढून देऊ लागले.

तर ती टेप कशी झाली हे आधी सांगायला हवं. तार जोडली आणि बटण दाबलं असं तेव्हा आप्पांच्या घरात नव्हतं. टेबलावर रेडिओ, त्याच्यासमोर स्टुलावर टेपरेकॉर्डर, आणि हातरुमालात गुंडाळलेला माइक रेडिओच्या तोंडाशी. म्हणजे रेडिओतून येईल ते टेपवर जायचं आणि खोलीत होईल तेही जायचं. म्हणून शनिवारी सात ते आठ खोलीत काही व्हायचंच नाही. खिडक्या बंद. पंखा बंद. स्टोव्ह विझवलेला. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक आप्पा हाताने धरून थांबवायचे. आई, दादा आणि बेबी पलंगावर ओळीने मांडी घालून, आणि पलंग कुरकुरतो म्हणून हलायचंही नाही. बाकीचे सहा दिवस आप्पा चांगले होते असं म्हणायचा कुणालाही मोह होईल. पण बाकीचे सहा दिवसही ते आप्पाच होते.

बेबीला यातलं फार आठवत नव्हतं. बंद खोलीतला उकाडा आठवत होता, आणि घड्याळ पुन्हा चालू झालं की वाटणारं हायसं. कानाचं म्हणाल तर ती गोष्ट घरात ठरलेली होती. लहानपणी कान वाहायचा, दुर्लक्ष झालं, गेला. आई अशीच सांगायची. पोस्टात लागताना वैद्यकीय तपासणी झाली तेव्हा कानाच्या डॉक्टरने बॅटरी लावून आत बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि विचारलं, “लहानपणी कुणी मारलं होतं का हो?”

“नाही. कान वाहायचा माझा.”

“वाहतो त्या कानाचं आतून वेगळं दिसतं. हा पडदा फाटलाय, आणि आतली हाडंही सरकलीत. फटका बसल्यासारखं आहे. पडला होतात का कुठे?”

घरी येऊन तिने आईला विचारलं. आई म्हणाली, “कान वाहायचा,” आणि घासून झालेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. त्या पातेल्यावरून बेबीला काय ते समजलं. पण समजणं वेगळं आणि कुणी तोंडाने सांगणं वेगळं. तीस वर्षं ती त्या एका वाक्याची वाट बघत होती. ‘हो, मारलं.’ एवढंच. माफी नको, रडणं नको. कानापायी लग्नाला तीन ठिकाणांहून नकार आले तेव्हा आप्पा नातेवाइकांना सांगायचे, पोरीनेच मनावर घेतलं नाही. तेही तिने ऐकून घेतलं होतं. आई सहा वर्षांपूर्वी गेली. दादा दूरदेशी, त्याला विचारलं तर म्हणतो, “मला नाही बुवा आठवत, आणि तू तरी कशाला उकरतेस?” ते वाक्य देऊ शकेल असा आता एकच माणूस उरला होता, आणि त्याची नखं दर पंधरा दिवसांनी बेबीच कापत होती.

तो वर्षअखेरचा भाग लागला त्या रविवारी दवाखान्यात उभं राहायला जागा नव्हती. सुरुवातीला आजच्या निवेदिकेने आप्पांचं नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. बावीस माणसांनी आवाज न करता टाळ्या वाजवल्या, म्हणजे तळवे एकमेकांजवळ आणून मध्येच थांबवले. आप्पांनी मान लववली. मग सोळावं गाणं, पंधरावं, चौदावं. चिठ्ठ्या फिरत होत्या. ‘याला सहावा नंबर मिळायला हवा होता.’ ‘मतं विकत घेतली होती तेव्हाही.’ ‘निवेदकाला सर्दी झालीय.’

पाचव्या नंबरावर एक संथ गाणं होतं. दुसरा अंतरा संपतो, बासरी थांबते, आणि गायिका तिसरा अंतरा उचलण्याआधी क्षणभर काहीच नसतं. त्या मोकळ्या जागेत टाळी वाजली. एकच, खणखणीत.

वेटिंग रूममध्ये जे झालं ते बघण्यासारखं होतं. एकाचा चष्मा नाकावरून घसरला. गाण्याच्या बाईंनी, म्हणजे शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनी, छातीवर हात ठेवला. सात-आठ चिठ्ठ्या एकदम निघाल्या. त्या गाण्याची तबकडी इथल्या प्रत्येकाने झिजेपर्यंत ऐकली होती, आणि तबकडीत टाळी नव्हती. सगळे स्पीकरकडे बघत होते. आप्पा एकटे बेबीकडे बघत होते. तिची नजर तिकडे गेली तशी त्यांनी आपली काढून घेतली आणि बुटांकडे बघत बसले.

तेवढ्यावरून तिला कळलं. तिने डावा कान स्पीकरकडे केला होता, तरी टाळी तिला स्वच्छ ऐकू आली होती.

कार्यक्रम संपताच जो गलका झाला तो डॉक्टरांनी तीनदा टेबल वाजवलं तेव्हा थांबला.

“वेगळी तबकडी!” वकीलसाहेब उभे राहिले. “मी चाळीस वर्षं म्हणतोय. रेडिओला आधी जी तबकडी पाठवायचे ती निराळी असायची. त्यात टाळी होती, बाजारात आली त्यात काढली. हा पुरावा!”

“टाळी बरोबर समेवर आहे,” गाण्याच्या बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. “अशी समेवर टाळी कुणी उगाच देत नाही. संगीतकाराने स्वतः दिली असेल.”

“स्वतः संगीतकाराने!” मागून कुणीतरी म्हणालं, आणि पाच मिनिटांत ते ठरूनही गेलं.

“आप्पा, तुम्हाला आठवतं? तुम्ही तेव्हा ऐकली होतीत ना ही टाळी?”

आप्पांनी घसा साफ केला. “होती,” ते म्हणाले. “रेडिओवरच होती ती.”

घरी आल्यावर बेबीने त्यांना जेवायला वाढलं, गोळ्या दिल्या आणि समोर बसली.

“आप्पा, ती टाळी कसली?”

“सांगितलं ना तिथे. गाण्यातली.”

“मी चार वर्षांची होते तेव्हा. माझा कान त्याच सुमाराला गेला.”

“तुझा कान वाहायचा.”

“डॉक्टर म्हणाले होते फटका बसलाय.”

“डॉक्टरला काय कळतंय?” आप्पांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला. “पोटात काही जात नाही तोवर प्रश्न विचारू नयेत माणसाला. आमटी आणखी आहे का?”

होती. तिने वाढली.

त्या आठवड्यात तिने तीनशेच्या वर पार्सलं तोलली आणि एका बाईच्या औषधांचा डबा चुकून दुसऱ्याच गावच्या पोत्यात टाकला. वकीलसाहेबांनी मंडळींच्या मासिक पत्रकात चार पानी लेख लिहिला. ‘पाचव्या नंबरची टाळी: एका हरवलेल्या तबकडीचा शोध.’ त्यात टाळीचा उल्लेख एकोणीस वेळा होता, आणि शेवटी असं म्हटलं होतं की ज्या घराने हा ठेवा जिवापाड जपला त्या घराचे आपण सगळे ऋणी आहोत. पुढच्या रविवारी आप्पांना सन्मानपत्र द्यायचं आणि मूळ कॅसेट लावून सगळ्यांनी टाळी ऐकायची असं ठरलं. मूळ कशाला, तर डॉक्टरांनी तांत्रिक खुलासा केला. रेडिओवाले जुनी टेप लावण्याआधी यंत्रातून धुऊन घेतात. खरखर, कुजबुज, खोलीतले बारीक आवाज, सगळं जातं. टाळी मोठी म्हणून राहिली. मूळ टेपवर ती आणखी सुंदर असेल.

आप्पा आधी नको म्हणाले. कॅसेट जुनी आहे, तुटेल, फार वाजवू नये. पण सन्मानपत्राला चौकट करून आणलीय असं वकीलसाहेबांनी फोनवर सांगितलं. चौकट म्हटल्यावर आप्पांचा विरोध मावळला. त्यांनी कपाटाची किल्ली गळ्यातून काढली, कॅसेट रुमालात गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. रुमालावरून हात काही त्यांनी वाटभर काढला नाही.

त्या रविवारी बेबी दाराजवळ बसली नाही. ती पुढे जाऊन दुसऱ्या रांगेत बसली आणि उजवा कान स्पीकरकडे केला. कुणी हरकत घेतली नाही, कारण कुणाचं लक्षच नव्हतं.

आधी सन्मानपत्र झालं. मग डॉक्टरांनी हात धुऊन, पुसून, कॅसेट यंत्रात घातली आणि थेट पाचव्या नंबराशी नेऊन ठेवली. खोलीत टाचणी पडली असती तर तिलाही जिन्यात पाठवलं असतं.

जुनी खरखर. गाणं, पण भिंतीपलीकडून आल्यासारखं, आणि त्याच्याखाली एक खोली. हो, खोली ऐकू येत होती. कुणाचा तरी श्वास, एकदा पलंगाची करकर. दुसरा अंतरा संपला. बासरी थांबत आली होती तोवर एक बारीक आवाज आला, अगदी दबका, माइकजवळ जाऊ नये म्हणून जपलेला.

“आई, शू लागली.”

आणि टाळी.

आणि त्यानंतर तिसरा अंतरा, जसा असतो तसा. रडणं नाही, किंचाळणं नाही, काही नाही. बेबी कान देऊन थांबली होती. मार बसल्यावर मूल जो आवाज करतं तो आता येईल, आता येईल म्हणून. गाणं संपलं, निवेदक चौथ्या नंबराचं नाव सांगायला आला, तरी तो आवाज आला नाही.

डॉक्टरांनी बटण दाबून टेप थांबवली. मग मागच्या रांगेतून एकजण हळूच म्हणाला, “शू लागली!” आणि खोली फुटली. लोक डोळे पुसून पुसून हसले. गाण्याच्या बाईंना ठसका लागला. हसले नाहीत ते फक्त वकीलसाहेब, कारण त्यांचा लेख छापून झाला होता.

“म्हणजे टाळी गाण्यातली नाही,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा एखादी केस हरल्यासारखा झाला होता. “आप्पा, तुम्ही तर म्हणालात रेडिओवरची आहे.”

आप्पा सन्मानपत्राची चौकट मांडीवर घेऊन बसले होते.

बेबी उभी राहिली. एवढ्या माणसांसमोर ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. “ती टाळी नाही,” ती म्हणाली. “तो माझा कान आहे.”

हसू थांबलं. तिला वाटलं, आता.

“डावा,” ती म्हणाली. “तेव्हापासून गेला तो. घरात सांगतात वाहायचा. तुम्ही ऐकलंत ना सगळ्यांनी? आप्पा, हे सगळे ऐकतायत. सांगा त्यांना तो आवाज कसला ते.”

आप्पा चौकटीच्या काचेवरचा डाग अंगठ्याने पुसत राहिले. त्यांच्या मदतीला गाण्याच्या बाई धावल्या. “अगं, तेव्हा सगळ्याच घरांत मारायचे ग. एवढं काय मनाला लावून घ्यायचं? आमच्या वडिलांनी तर मला तानपुऱ्याने मारलंय.”

“माझ्या बापाने पट्ट्याने.”

“पट्टा? आमच्याकडे पट्टा म्हणजे लाड समजायचे.”

आणि सुरू झालं. जो तो आपला मार काढून दाखवू लागला. कुणाला विहिरीत उलटं धरलं होतं, कुणाला दिवसभर उन्हात उभं केलं होतं. बोलताना चेहरे फुलले होते. सोळाव्यापासून पहिल्यापर्यंत नंबर लावायचं तेवढं बाकी होतं. बेबी मध्येच उभी होती, आणि तिचा मार त्या यादीत फारसा वर आला नसता.

“पण काही म्हणा,” मागचाच तो माणूस म्हणाला, “पडली समेवरच! आप्पांचा हात लयीत आहे.”

पुन्हा हशा. या वेळी वकीलसाहेबही हसले. आप्पांच्या ओठांच्या कोपऱ्यातही काहीतरी हललं. बेबीने ते बघितलं.

डॉक्टर कामाचा माणूस. “हे बघा,” ते म्हणाले, “वाद कशाला? मी कॉम्प्युटरवर घेतो. मुलीचा आवाज आणि तो फटका, दोन्ही काढून टाकतो. पाच मिनिटांचं काम. मग तीच प्रत रेडिओला पाठवू, आणि पुढे सगळीकडे तीच राहील. एकदम स्वच्छ.”

“काढू नका,” बेबी म्हणाली.

“का?”

तिला सांगता येईना. तिच्या चार वर्षांच्या वयाचा जगात दुसरा काही पुरावा नव्हता. एक फोटोसुद्धा नव्हता, फोटोचे पैसे कॅसेटमध्ये जायचे. पण हे या लोकांना काय सांगणार? “माझा आवाज आहे तो,” एवढंच ती म्हणाली.

“बेबीताई, ठेवा सगळ्यांचा आहे, एकट्याचा नाही,” वकीलसाहेबांनी तिला समजुतीच्या सुरात सांगितलं. “लोक गाणं ऐकायला बसणार. त्यांनी तुमची शू का ऐकावी?” मग त्यांनी रीतसर मत घेतलं. काढून टाकावं असं वाटणाऱ्यांनी हात वर करा. एकवीस हात झटकन वर गेले. बाविसावा आप्पांचा. त्यांनी चौकट डाव्या हातात घेतली आणि उजवा वर केला.

डॉक्टरांनी मंडळींसमोरच ते केलं. पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ आली, मध्ये एक उंच सुळका. त्यांनी त्याच्याभोवती चौकोन काढला आणि बटण दाबलं. सुळका गेला. ऐकून बघितलं तर बासरी थांबते, क्षणभर काहीच नसतं, आणि गायिका तिसरा अंतरा उचलते.

“वा!” गाण्याच्या बाई म्हणाल्या.

मूळ कॅसेट डॉक्टरांनी आप्पांना परत दिली. आप्पांनी ती बेबीसमोर पुन्हा रुमालात बांधली, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, उलगडून डॉक्टरांच्याच हातात ठेवली. “तुमच्याकडेच राहू द्या,” ते म्हणाले. “हिच्यावर आता दुसरं काही भरा हवं तर.”

दोघं घरी आली तेव्हा दुपारचं ऊन बाहेरच्या खोलीत सरळ आत आलं होतं. आप्पा खुर्चीत बसले, सन्मानपत्र शेजारच्या टेबलावर भिंतीला टेकवून उभं केलं आणि पाय पुढे केले. त्यांना आता वाकता येत नाही. बेबी जमिनीवर बसली आणि उजव्या बुटाची नाडी सोडायला लागली.

“आप्पा,” ती खालीच बघत म्हणाली, “आता इथे कुणी नाही. टेपही गेली. एवढं एकच सांगा. मारलं होतंत ना?”

तिला वाटलं होतं, ते आमटीचं विचारतील.

“मारलं की,” आप्पा म्हणाले.

विजेचं बिल भरलं का विचारल्यावर माणूस जसं सांगतो तसं ते म्हणाले. तीस वर्षं जे वाक्य हवं होतं ते आलं आणि खोलीत काही हललंसुद्धा नाही. बेबीच्या हातात नाडीचं टोक होतं.

“पाचवं गाणं चालू होतं,” आप्पा पुढे म्हणाले. “वर्षाचा शेवटचा भाग. पुढे चार राहिलेली. आणि तू मध्येच बोललीस.”

“शू लागली होती मला.”

“ते खरं ग. पण परत थोडाच लागणार होता तो भाग?” त्यांनी मान खुर्चीला टेकवली. त्यांचा आवाज मऊ झाला, गाण्यांबद्दल बोलताना व्हायचा तसा. “तुझा दादा होता ना, त्याला नुसता डोळा वटारला तरी भोंगा पसरायचा. तीन कॅसेटी वाया घालवल्या त्याने माझ्या. मला वाटलं, झालं, आता हीपण गेली. पण तू! हूं नाही की चूं नाही. कानातून रक्त आलं, तुझ्या आईने हात लावला तिथे, तिचा हात लाल झाला, पण तू अशी ताठ बसलेली. शू तिथेच चादरीवर झाली, पण तोंडातून आवाज नाही. पार पहिल्या नंबरापर्यंत. चार वर्षांचं पोर!” ते स्वतःशीच हसले. “मी त्याच दिवशी तुझ्या आईला म्हटलं, ही शोभते माझी मुलगी.”

बेबीला राग यायला हवा होता, आणि तो पुढे आलाही. किळसही आली, स्वतःची लाज तर इतकी वाटली की कित्येक दिवस ती आरशात बघून केस विंचरत नव्हती. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी जमिनीवर बसून, बापाचा पाय मांडीवर घेऊन, तिला आधी जे वाटलं ते दुसरंच होतं. तिला बरं वाटलं. छातीत काहीतरी उबदार पसरत गेलं. पंचावन्न वर्षांत या माणसाने तिच्याविषयी काढलेला हा पहिला चांगला शब्द होता.

तिने उजवा बूट काढून बाजूला ठेवला, डावा मांडीवर घेतला आणि विचारलं, “खरंच असं म्हणाला होतात, आईला?”